डावीकडची अरुंद पट्टी: व्हीएस कोड आणि ज्युपिटरलॅबचे फाइल ब्राउझर, कामाच्या कसोटीवर

कोड एडिटरच्या परीक्षणांत थीम, एक्स्टेन्शन, एआय मदतनीस यांच्यावर पानं खर्ची पडतात आणि डावीकडच्या फाइलींच्या पट्टीची बोळवण एका ओळीत होते. अँड्र्यू को, ब्रॅड मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यात एक्लिप्स या कोड एडिटरमध्ये अनोळखी कोड दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामरांचा सरासरी 35 टक्के वेळ फाइलींमध्ये आणि फाइलींच्या आत नुसतं फिरण्यात गेला होता. एवढा वेळ खाणारी गोष्ट एका ओळीत उरकण्यासारखी नक्कीच नाही.

इथे दोन ब्राउझर, म्हणजे फाइलींच्या अशा पट्ट्या, घेतले आहेत: व्हीएस कोड या कोड एडिटरचा एक्सप्लोरर आणि डेटावर काम करणारे वापरतात त्या ज्युपिटरलॅबच्या चौथ्या मालिकेतला फाइल ब्राउझर. दोन्ही फुकट आहेत, आणि एकाच प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरं अगदी उलटी आहेत. व्हीएस कोड सगळा प्रकल्प झाडासारखा उलगडून ठेवतो. ज्युपिटरलॅब एका वेळी एकाच फोल्डरमधली यादी दाखवतो आणि वर तिथपर्यंतची वाट लिहून ठेवतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. फाइल शोधायला व्हीएस कोडचा हात धरणारा दुसरा नाही, पण भलत्याच फोल्डरात काहीतरी करून बसायची सोयही त्याच्याकडेच जास्त. ज्युपिटरलॅबची यादी समजायला सोपी, पण ‘मी आत्ता कुठे आहे’ याचं उत्तर ती वेळेवर देत नाही. दोघांचीही मुख्य गोम एकच: चांगले उपाय आत तयार आहेत, पण मुळात बंद ठेवलेले. बहुतेक लोक सेटिंग्ज उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी जे दिसतं तेच शेवटपर्यंतचं डिझाइन.

तपासायचं कसं

टीमसाठी किंवा वर्गासाठी साधन निवडायचं असेल, किंवा स्वतःच असा ब्राउझर बनवायचा असेल, तर ‘कसा वाटला?’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढच्या मिनिटाला चुकीच्या फोल्डरात फाइल तयार करतात. काम द्या आणि बघत बसा.

त्यासाठी आधी एक सरावाचा प्रकल्प लागतो. साधारण तीनशे फाइली, निदान सहा पातळ्यांची खोली, वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या चार-पाच ‘इंडेक्स’ फाइली, सुरुवात सारखी आणि शेवट वेगळा अशी लांबलचक नावं, आणि एकुलता एक उपफोल्डर असलेले दोन-तीन फोल्डर. हे मुद्दाम पेरावं लागतं. दहा फाइलींच्या गोंडस नमुन्यावर कुठलाही ब्राउझर पास होतो.

कामं सहा पुरेत. पैसे भरल्यावर पावती तयार होते तो कोड उघडा. आत्ता उघडी असलेली फाइल कुठल्या फोल्डरात आहे आणि तिच्या शेजारी काय आहे ते सांगा. प्रकल्पाच्या अगदी मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात, एक नवी फाइल करा. एका फोल्डराच्या शेजारी, त्याच्या आत नव्हे, दुसरा फोल्डर करा. एक फाइल हलवा आणि केलेलं परत फिरवा. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, एक फाइल तयार करा आणि ती पट्टीत दाखवा. सांगताना फाइलीचं नाव तोंडातून जाऊ द्यायचं नाही. ‘रिसीट सर्व्हिस उघडा’ म्हटलं की माणूस तीच अक्षरं शोधपट्टीत टाकतो आणि आपण ब्राउझरऐवजी त्याचं टायपिंग तपासतो.

प्रत्येक कामात तीन गोष्टी टिपा: पहिली क्लिक कुठे पडली, किती वेळा चुकीचा फोल्डर उघडला, आणि माणूस झाडात हिंडला की सरळ शोधाकडे गेला. माणसाला मोठ्यानं बोलत काम करायला सांगा, पण मग वेळेच्या आकड्यांवर विसंबू नका. बोलताना माणूस सावकाश होतो. नील्सन आणि लांडावर यांनी 1993 साली मांडलेल्या हिशोबानुसार एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो आणि पाच माणसांत साधारण 85 टक्के हाती लागतात. ‘पाच माणसं पुरेत’ हे वाक्य तिथूनच आलं. ती पाचही एकाच प्रकारची हवीत, हे मात्र पुढे सगळे विसरतात. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि दहा वर्षं कोड लिहिणारी इंजिनिअर एका टोपलीत घातली की दोघांच्याही अडचणी अर्ध्याच दिसतात. दोन गट असतील तर पाच-पाच घ्या. शेवटी जॉन ब्रुकची दहा प्रश्नांची वापरसुलभता प्रश्नावली द्यायची असेल तर द्या. तिच्यात 68 च्या आसपासचे गुण म्हणजे मध्यम. तिच्यावरून कुठे दुखतंय ते मात्र कळत नाही.

व्हीएस कोड: शोध उत्तम, जागा संशयाची

आधी चांगलं. एका क्लिकवर फाइल तात्पुरती उघडते, टॅबवरचं नाव तिरप्या अक्षरांत येतं आणि पुढची फाइल त्याच टॅबमध्ये येते. दोनदा क्लिक केलं किंवा काही बदललं की टॅब कायम होतो. अनोळखी कोड चाळताना वीस टॅबांचा ढिगारा होत नाही तो यामुळे. पण तिरप्या अक्षरांचा अर्थ कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ‘माझी आधीची फाइल गेली कुठे?’ हा प्रश्न नवख्यांकडून येतोच.

कंट्रोल+पी दाबून नावातली कुठलीही अक्षरं क्रमानं टाकली की फाइल समोर येते. झाडाच्या आतला शोध पूर्वी फक्त उलगडलेल्या फोल्डरांतच बघायचा आणि बंद फोल्डरातली फाइल ‘नाही’ म्हणून सांगायचा. सप्टेंबर 2024 च्या 1.94 आवृत्तीपासून तो सगळा प्रकल्प धुंडाळतो. झाडावर फोकस (कीबोर्डचं लक्ष) ठेवून कंट्रोल+ऑल्ट+एफ, मॅकवर ऑप्शन+कमांड+एफ. फाइल नुसती उघडायची असेल तर कंट्रोल+पी. ती कुठे राहते तेही बघायचं असेल तर हा.

कंट्रोल+पीचा एक सापळा लक्षात ठेवा. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ज्या फाइली टाळतं त्यांची यादी म्हणजे गिटइग्नोर; तिच्यात लिहिलेल्या फाइली तो मुळातच वगळतो. पासवर्ड-चाव्यांची डॉट-एन्व्ही फाइल बहुतेक प्रकल्पांत तिथेच लिहिलेली असते, त्यामुळे ती झाडात ढळढळीत दिसते आणि कंट्रोल+पीत सापडत नाही. आधी कधी उघडली असेल तर इतिहासातून वर येते, म्हणून एकाच्या मशीनवर दिसते आणि दुसऱ्याच्या नाही. सर्चच्या सेटिंग्जमधलं ‘यूज इग्नोर फाइल्स’ बंद केलं की प्रश्न मिटतो. नोड-मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरून आणलेल्या कोडच्या भल्यामोठ्या फोल्डराचा, पूर लोटेल ही भीती नको. त्याला अडवणारा नियम वेगळा आहे आणि तो चालूच राहतो.

आता दुखरी जागा: नवी फाइल नेमकी कुठे जाते? नियम सरळ आहे. झाडात ज्या फोल्डरावर फोकस आहे त्याच्या आत. फोकस फाइलीवर असेल तर त्या फाइलीच्या फोल्डरात. पण उघडी फाइल बदलली की झाडातला फोकसही आपसूक सरकतो. म्हणजे मघाशी मुळाशी उभे होतो या समजुतीनं बटण दाबावं आणि फाइल चार पातळ्या खाली जन्माला यावी. मुळाशी फाइल हवी असेल तर झाडाखालच्या मोकळ्या जागेत एकदा क्लिक करा आणि मग बटण दाबा. झाड लांब असेल तर तळापर्यंत उतरावं लागतं. सहा कामांतलं तिसरं काम यासाठीच ठेवलं आहे. बटणावर नुसता माउस नेला असता ‘फाइल अमुक फोल्डरात जाईल’ एवढं दिसलं असतं तरी निम्मा गोंधळ टळला असता.

दुसरी दुखरी जागा याहून वाईट. फोल्डरात एकच उपफोल्डर असेल तर व्हीएस कोड दोन्ही नावं एकाच ओळीत जोडून दाखवतो. ही सोय 1.41 मध्ये आली आणि मुळातच चालू असते. जावाच्या ‘कॉम’ खाली कंपनी, तिच्याखाली प्रकल्प अशा एकापाठोपाठच्या फोल्डरांसाठी ती वरदान आहे. पण प्रकल्प नुकताच सुरू झालाय, ‘सोर्स’मध्ये ‘घटक’ फोल्डर केला, आता त्याच्या शेजारी ‘सेवा’ करायचा आहे, तर समोर एकच ओळ दिसते: सोर्स, तिरपी रेघ, घटक. त्या ओळीवर उभं राहून नवा फोल्डर केला की तो ‘घटक’च्या आत जातो. ओळीतल्या ‘सोर्स’ या शब्दावरच नेमकी क्लिक केली तर तो बरोबर जागी जातो, कारण जोडओळीतला प्रत्येक तुकडा वेगळा निवडता येतो. पण हे दिसून कळण्यासारखं काहीच त्या ओळीत नाही. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच तासाला सेटिंग्जमध्ये ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ शोधून ते बंद करावं. जावावाल्यांनी चालू ठेवावं. किंवा नवं नाव देताना तिरपी रेघ घालून पूर्ण वाटच लिहावी. मधले फोल्डर नसतील तर ते आपोआप तयार होतात. ही शेवटची युक्ती इतकी चांगली आहे की ती लपून का राहिली आहे, कळत नाही.

उघड्या फाइलीमागे झाड आपोआप सरकतं, तो गुण आणि दोष दोन्ही आहे. स्वयंपाकघरातला मिठाचा डबा न बघता हाताला लागतो, कारण तो रोज त्याच फळीवर असतो. झाडातल्या फाइलींचंही तसंच होतं. जागा लक्षात राहते, नाव नंतर आठवतं. दर टॅबबदलाला झाड उडी मारायला लागलं की ती सवय मोडते. ‘ऑटो रिव्हील’ पूर्ण बंद करू नका, त्याचा तिसरा पर्याय ‘फोकस नो स्क्रोल’ निवडा. फाइल ठळक होते, झाड जागचं हलत नाही. आमच्या मते मूळ सेटिंग हीच असायला हवी होती.

गर्दी कमी करायला ‘फाइल नेस्टिंग’ आहे, 1.67 पासून. एका मुख्य फाइलीच्या पोटात तिच्या संबंधित फाइली घडी घालून ठेवता येतात: प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या पॅकेज-जेसनच्या पोटात त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदणाऱ्या लॉक फाइली, टाइपस्क्रिप्टच्या पोटात तिच्यापासून तयार झालेली जावास्क्रिप्ट. हे मुळात बंद असतं. चालू केल्यावरही फरक दिसत नाही म्हणून लोक नाद सोडतात, कारण शेजारची ‘एक्स्पांड’ ही सेटिंग मुळात चालू असते आणि घड्या उलगडलेल्याच राहतात. पहिली चालू, दुसरी बंद, असं दोन्ही केलं की पट्टी खरोखर हलकी होते. एक इशारा: घडी मिटलेली असताना मुख्य फाइल हलवली किंवा काढली तर पोटातल्या फाइलीही तिच्याबरोबर जातात. बहुतेक वेळा तेच हवं असतं. नको असेल तेव्हा आधी घडी उलगडा.

पट्टी अरुंद असली की लांब नावांचं शेपूट कापलं जातं. चाचण्यांच्या फाइलींची सुरुवात सारखी आणि फरक शेवटच्या शब्दात असतो, म्हणून ‘यशस्वी’ची चाचणी आणि ‘अयशस्वी’ची चाचणी पट्टीत जुळ्या दिसतात. मॅकचा फाइंडर नाव मधून कापतो, दोन्ही टोकं ठेवतो; एडिटरांनी हे उचलायला हरकत नव्हती. तोवर माउस वर धरून पूर्ण वाट वाचणं किंवा याद्यांची आडवी सरकण चालू करणं, एवढेच मार्ग.

झाडातल्या ओळीची उंची 22 पिक्सेल आहे. वेबच्या सुगम्यता नियमांच्या 2.2 आवृत्तीत, ऑक्टोबर 2023 पासून, क्लिक करायच्या जागेचं किमान माप 24 गुणिले 24 सीएसएस पिक्सेल धरलं आहे. व्हीएस कोड ही वेबसाइट नाही, तरी मापदंड म्हणून बघितलं तर ओळी थोड्या चिंचोळ्याच. हात थरथरणाऱ्याला किंवा स्पर्शपडद्यावर काम करणाऱ्याला ते जाणवतं. झूम वाढवता येतो, पण तो पट्टीपुरता नसून सगळ्या खिडकीला लागतो. कीबोर्डची बाजू मात्र पक्की आहे: उजव्या बाणानं फोल्डर उघडतो, पुन्हा दाबलं की आत उतरतो, डाव्यानं मिटतो किंवा वरच्या फोल्डरावर जातो. स्क्रीन रीडरला पातळी कळते. एफ2 दाबून नाव बदलताना आधी विस्तार सोडून फक्त नाव निवडलं जातं, पुन्हा एफ2 दाबलं की निवड बदलते.

काढलेली फाइल परत येते का

आपल्या मशीनवर काढलेली फाइल कचरापेटीत जाते. एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून दूरच्या सर्व्हरवरचा फोल्डर उघडलेला असेल तर तिथे कचरापेटी नसते. फाइल कायमची जाते. संवादखिडकीत तसं लिहिलेलं असतं, पण खिडकीचा आकार आणि बटणाची जागा रोजचीच असल्यामुळे डोळे मजकुरावर थांबत नाहीत. ‘पुन्हा विचारू नका’ अशी खूण आधी केलेली असली तरी कायमचं काढताना व्हीएस कोड विचारतोच, ही जमेची बाजू.

तरीही फाइल गेलीच, तर दोन दारं आहेत. गिटमध्ये नोंदलेली असेल तर तिथून. नसेल तर 1.66 मध्ये आलेला स्थानिक इतिहास: कमांड पॅलेटमध्ये (आज्ञांच्या शोधपट्टीत) ‘लोकल हिस्टरी’ टाइप करून ‘फाइंड एन्ट्री टू रिस्टोअर’ निवडा. व्हीएस कोडमधून जतन केलेल्या प्रत्येक फाइलीच्या मुळात 50 प्रती राहतात, मात्र 256 केबीपेक्षा मोठी फाइल त्यात येत नाही आणि टर्मिनलमधून किंवा दुसऱ्या एडिटरमधून केलेले बदलही येत नाहीत.

ओढून हलवलेली फाइल परत आणायला कंट्रोल+झेड चालतं, पण फोकस झाडावर असेल तरच. फोकस एडिटरमध्ये असेल तर तेच बटण कोडमधला शेवटचा बदल पुसतं आणि फाइल भलत्याच फोल्डरात पडून राहते. पाचव्या कामात इथेच गाडी अडते. फाइल हलवल्यावर टाइपस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्टमधले इम्पोर्ट (दुसऱ्या फाइलींचे संदर्भ) सुधारू का, असं तो विचारतो. हो म्हणा, आणि मगच पुढे जा.

लिनक्सवर एक वेगळीच तक्रार येते: टर्मिनलमधून तयार केलेली फाइल पट्टीत उगवतच नाही. कारण पट्टीत नसून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असतं. फाइलींतले बदल कळवणारी त्याची आयनोटिफाय यंत्रणा एका वेळी किती गोष्टींवर नजर ठेवू शकते याला मर्यादा आहे, जुन्या वितरणांत ती 8192 असायची, आणि नोड-मॉड्यूल्ससारखा एकच फोल्डर ती खाऊन टाकतो. व्हीएस कोडचं दस्तऐवज ती 524288 करायला सांगतं. एका नजरेला 1080 बाइट लागतात, म्हणजे सगळी मर्यादा वापरली गेली तर 540 एमबीच्या घरात मेमरी. आधी ‘वॉचर एक्सक्लूड’मध्ये मोठे फोल्डर घालून बघा, मर्यादा वाढवणं नंतर. डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, काम करत असाल तर मर्यादा यजमान मशीनवर वाढवावी लागते, कंटेनरच्या आत ती बदलून भागत नाही.

ज्युपिटरलॅब: एका वेळी एक फोल्डर

डेटावर काम करणाऱ्याला साधारण एक नोटबुक (कोड आणि त्याची उत्तरं एकत्र ठेवणारी फाइल), दोन सीएसव्ही (तक्त्यांच्या साध्या फाइली) आणि चित्रांचा एक फोल्डर एवढंच लागतं. त्याला झाडाची गरज नाही हा ज्युपिटरलॅबचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. यादीत नाव आणि शेवटच्या बदलाची वेळ. वेळेवर क्लिक केली की ताजी फाइल वर. चालू नोटबुकशेजारी हिरवा ठिपका, आणि उजव्या क्लिकवर कर्नल (इथे नोटबुकमधला कोड चालवणारा प्रोग्राम, लिनक्सचा गाभा नव्हे) बंद करायची सोय. मेमरी कोण खातंय हे फाइलींच्या यादीतच कळणं ही कल्पना झकास आहे, व्हीएस कोडच्या झाडात तिला जोड नाही.

पहिली अडचण सुरुवातीलाच. ज्या फोल्डरातून ज्युपिटरलॅब चालू केला तोच त्याचा मूळ, त्याच्या वर जाता येत नाही. विंडोजवर सी ड्राइव्हवरच्या वापरकर्त्याच्या फोल्डरातून तो सुरू झाला की डी ड्राइव्हवरचा डेटा त्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये हा गोंधळ ठरलेला. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरात टर्मिनल उघडून तिथूनच चालू करायचा, किंवा ज्युपिटरलॅबमागे चालणाऱ्या सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलीत मूळ फोल्डर ठरवून द्यायचा. सुरक्षेच्या दृष्टीनं ही भिंत योग्यच आहे, कारण सर्व्हर जाळ्यावर उघडा असू शकतो. पण वाटेच्या पट्टीत मुळाच्या जागी नुसतं फोल्डरचं चित्र आहे. ‘इथून वर जाता येत नाही, कारण सर्व्हर इथून सुरू केला आहे’ हे सांगणारं कुणी नाही.

दुसरी अडचण जास्त खोल. तीन वेगवेगळ्या फोल्डरांतली नोटबुकं उघडी असली तरी डावीकडची यादी शेवटी जिथे क्लिक केली तिथेच बसून राहते. टॅबवर उजवी क्लिक करून ‘शो इन फाइल ब्राउझर’ म्हटलं की यादी त्या जागी जाते. आपोआप जायची सेटिंग आहे, मुळात बंद. ती चालू करा. मग नवं नोटबुक भलत्या फोल्डरात तयार होणं बरंच कमी होतं.

यादी ताजी होते ती साधारण दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारून. टर्मिनलमध्ये फाइल केली आणि लगेच दिसली नाही तर दहा सेकंद धीर धरा किंवा रिफ्रेश दाबा. डॉटनं सुरू होणाऱ्या फाइली मुळात दिसत नाहीत. सर्व्हरला परवानगी दिल्याशिवाय ‘व्ह्यू’ मेन्यूतला पर्यायही कामाला येत नाही. 15 एमबीपेक्षा मोठी फाइल चढवताना तो आधी विचारतो आणि मग तुकड्या-तुकड्यांनी चढवतो. टॅब मध्येच बंद केला तर अर्धवट फाइल मागे राहू शकते. आख्खा फोल्डर उतरवून घ्यायची सोय मूळ पट्टीत नाही, त्यासाठी एक्स्टेन्शन टाका किंवा टर्मिनलमध्ये झिप करा.

सगळ्यात फसवा प्रसंग म्हणजे चालू नोटबुक दुसऱ्या फोल्डरात ओढून टाकणं. टॅब तसाच राहतो, कर्नल तसाच चालतो, सगळं सुरळीत वाटतं. पण कर्नल अजून जुन्याच फोल्डरात उभा असतो. सीएसव्हीची वाट नुसत्या नावानं लिहिलेली असेल तर ती जुन्या जागीच शोधली जाते, आणि लिहिलेली फाइलही तिथेच पडते. नोटबुक हलवण्यापूर्वी कर्नल पूर्ण बंद करा, हलवा, पुन्हा सुरू करा. केलेली हलवाहलव कंट्रोल+झेडनं परत येत नाही; हातानं जागच्या जागी आणावी लागते.

ज्यांनी प्रश्न वेगळा विचारला

झाड की यादी या वादात अडकण्यापेक्षा मिक कर्स्टन आणि गेल मर्फी यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात केलेलं काम बघावं. त्यांनी प्रोग्रामर कुठल्या फाइली उघडतात, बदलतात याची नोंद ठेवली आणि हातातल्या कामाशी संबंध नसलेल्या फाइली एक्लिप्सच्या झाडातून गाळून टाकल्या. काम बदललं की झाड बदलतं. आधी त्याचं नाव मायलार होतं, पुढे मायलिन. खऱ्या कामावरच्या प्रोग्रामरांवर त्यांनी ते तपासलं तेव्हा नुसतं हिंडणं कमी झालं आणि त्या मानानं लिहिणं वाढलं. व्हीएस कोडमध्ये याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे ‘ओपन एडिटर्स’ची यादी, ती फक्त उघड्या टॅबांची, कामांची नव्हे. नवा फाइल ब्राउझर बनवणाऱ्यानं इथून सुरुवात करावी, रंगीत आयकॉनांपासून नको.

देवनागरी नावं असतील तर

दोन्ही ब्राउझर देवनागरी नावं नीट दाखवतात. त्रास गिटमध्ये सुरू होतो. ‘अहवाल’ नावाची फाइल गिट स्टेटसमध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांची माळ होऊन येते. फाइल बिघडलेली नसते. गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘कोअर’ विभागातलं ‘कोटपाथ’ फॉल्स केलं की नाव वाचता येतं.

‘ऱ’ असलेल्या नावांची गोष्ट वेगळी. वऱ्हाड, किनाऱ्यावर, दुसऱ्या यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असं जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच. मॅकची जुनी फाइल प्रणाली नावं सुटी करून ठेवायची, आताची तशीच राहू देते पण दोन्हींना एकच मानते. लिनक्स मात्र त्यांना दोन वेगळी नावं समजतो. म्हणून मॅकवरून आलेला प्रकल्प लिनक्स सर्व्हरवर उघडला की झाडात ‘दुसऱ्या-तिमाही’ नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसू शकतात, आणि कोडमधली वाट त्यांतल्या रिकाम्या फोल्डरकडे नेते. मॅकवर गिटचं ‘प्रीकम्पोज युनिकोड’ चालू आहे ना ते पाहा. आधीच जुळे झाले असतील तर एका फोल्डरातलं सगळं दुसऱ्यात हलवा आणि रिकामा फोल्डर टर्मिनलमधून काढा, नाव टाइप न करता टॅबनं पूर्ण करून. कीबोर्डवरून उमटणारा ‘ऱ’ त्या दोन्हींतला नेमका कुठला आहे हे पडद्याकडे बघून ओळखता येत नाही.